बोटभर आभाळ

निवृत्ती पगारे नाशिक रोडला छापखान्यात कामाला होता आणि रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून डोंगर पालथे घालायचा. आमच्या कॉलनीत ‘क्षितिज’ हा शब्द बोलण्यात वापरणारा तो एकटाच. फोटोत क्षितिज खाली हवं, वर दोन हिस्से आभाळ, हा त्याचा कायदा. त्याच्या जोरावर एका स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं, त्यामुळे वाद घालायची सोय नव्हती. मी शेजारी, मी तरी घालायचो.

१९७९ साली कॉलनीतल्या नव्या इमारतीवर हरसूलकडचा पुंजा मजुरीला होता. त्याच्या पाड्याखाली धरण होत होतं आणि येत्या पावसाळ्यात शेत बुडणार होतं.

“सायेब, आमच्या जिमिनीचा एक फोटू काढा. आई लय मागं लागलीय,” तो म्हणाला.

निवृत्ती पुढच्याच रविवारी जाऊन फोटो काढून आला. तो न्यायला पुंजाची आई मंगलाबाई स्वतः आली, तेव्हा मी तिथेच होतो.

फोटो देखणा होता, खोटं कशाला बोलू? वर ढगच ढग आणि तळाशी जमिनीची काळी पट्टी. म्हातारीने त्या पट्टीवरून बोट फिरवलं, मग पुन्हा फिरवलं.

“यात आमचं काय हाय?”

आभाळामुळे फोटोला कशी भव्यता येते, हे निवृत्ती समजावू लागला. तिने सगळं ऐकून घेतलं.

“आभाळ तर जाऊ तिथं हाय, बाबा. जिमीनच नाय येणार संगं.”

फोटो टेबलावर ठेवून ती गेली.

निवृत्तीचं तोंड पाहण्यासारखं झालं. दोन दिवस तो धुसफुसत होता. “अडाण्यांना काय कळतं,” असंही म्हणाला, तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, “बक्षीस तुझं, शेत तिचं. पाणी चढलं की दोघं बसा आभाळ बघत!” तिसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने पहिली एस.टी. पकडली.

या वेळी तो मंगलाबाईला घेऊन शेतामागचा डोंगर चढला. ती बोट दाखवत गेली: भाताची चार खाचरं, नागलीचा उतार, नवऱ्याने रचलेला दगडी बांध, मोहाचं झाड. ते सगळं मावेपर्यंत निवृत्ती क्षितिज वर ढकलत राहिला. आभाळ शेवटी बोटभर उरलं. बक्षीस मिळवून देणारा कायदा माणसाने असा स्वतःच्या हाताने मोडावा, याचं मला आजही कौतुक वाटतं. पुढे महिन्याभरात तिथे पाणी आलं.

१९८६ साली हरसूलच्या बाजारात पुंजाने आम्हा दोघांना गाठलं आणि ओढतच नव्या घरी नेलं. दारासमोरच्या भिंतीवर तो फोटो होता. पुंजाचं लग्न धरणानंतरचं. बायकोने ती जमीन कधी पाहिलेली नव्हती, पण ती काचेवर बोट ठेवून आम्हाला सांगू लागली, “हे मोठं खाचर. ह्यो सासऱ्यांचा बांध. इथं मोहाखाली पोरं खेळायची.”

मंगलाबाईला आता नीट दिसत नव्हतं. कोण आलंय, तिने विचारलं. पुंजाने सांगितलं.

“चहा टाक गं,” ती सुनेला म्हणाली. “यानंच आपली जिमीन इथवर आणली.”

निवृत्ती रुमाल शोधू लागला. मी माझा दिला.