कामाला न निघणारी बाई

भरल्या सभेत जिल्ह्याच्या साहेबानं मला स्टेजवर बोलावून माझी खालची पापणी बोटानं ओढली.

"बघा," तो माईकवर म्हणाला, "पांढरीफटक. अंगात रक्तच नाही. या बायका शिकत नाहीत, तब्येत सांभाळत नाहीत, कामाला घराबाहेर पडत नाहीत. मग जिल्ह्याची प्रगती होणार कशी?"

टाळ्या वाजल्या. पहिल्या रांगेत आमचा मालक. वसमतचा हळदीचा व्यापारी. अंगावर सत्काराची शाल. खुर्च्या भरायला त्यानंच आमाला कामावरून उठवून टेम्पोत घालून आणलं व्हतं. तोबी टाळ्या वाजवून राहिला व्हता.

कामाला निघत न्हाई म्हणं! ह्या मालकाच्या गोदामात हळकुंडं घासायच्या पालिशच्या ड्रमपाशी मी दिवसभर उभी राहते. ड्रम फिरतो, हळदीचा धुरळा नाकातोंडात जातो. थुंकलं तर पिवळं. माझी माय तिथंच खोकून खोकून आथरुणाला लागली. मी सातवीत व्हते. शाळेतल्या मॅडम घरी आल्या. "पोरगी हुशार आहे, शाळा सोडवू नका." माय भिंतीकडं तोंड करून पडली. दुसऱ्या दिवशी तिच्या जागी मी.

आन् आज काय, तर मी शिकले न्हाई.

साहेबाचा हात दुसऱ्या डोळ्याकडं आला. मी तो धरला. खाली केला.

"हात लावू नका."

"अगं, तुझ्या भल्यासाठीच सांगतोय."

"अगंतुगं करू नका. मी कामाला हाय. त्या मालकाकडं. त्याला इचारा, हिचं रक्त कुठं गेलं."

संगं आलेल्या बायांनी माना खाली घातल्या. मला त्यांचा राग आला न्हाई. त्यांना सकाळी त्याच गोदामात जायचं व्हतं. मी एकटीच पायऱ्या उतरून भाईर पडले.

सांजच्याला मुकादम दारात.

"तू येऊ नको म्हणलेत मालक. पोरीला धाड. हाताला चपळ हाय ती."

पोरगी आठवीत. आत चुलीपाशी बसून ऐकत व्हती.

"ती शाळंत जाईल."

"मंग खाशील काय?"

"ते माझं मी बघीन."

काय खाईन, खरंच ठावं न्हाई. निंदायला जाईन, खुरपायला जाईन. आधी सरकारी दवाखान्यात जाऊन रक्त तपासून घीन. कुणाच्या प्रगतीसाठी न्हाई. मला जगायचंय म्हणून.

त्या ड्रमपाशी माय उभी राहिली. मी उभी राहिले. आता आमच्या घरातलं कुणी उभं राहणार न्हाई.