नानांच्या दुकानाला आतून अडसर

कामथडीतले चिमाजी नाना किराणा दुकान चालवतात, असे म्हणणे खुद्द नानांनाही पटले नसते. ते दुकान राखत. गिऱ्हाईक हे त्या राखणीतले एक विघ्न. बाहत्तरच्या दुष्काळापासून तर साखर आणि रॉकेल मागणाऱ्याला "माल संपला" हे ते इतक्या कळवळ्याने सांगत, की माणूस उलट त्यांचीच समजूत काढून रिकाम्या बाटलीनिशी घरी जाई.

दुकान सोडून सासरवाडीला जाणे नानांनी चौदा वर्षे टाळले होते. त्र्याहत्तरच्या दिवाळीत मात्र मार्गासनीहून बायकोचा, धोंडाबाईंचा, निरोप आला: पाडव्याला ओवाळून घ्यायला आला नाहीत, तर मी तुळशीच्या लग्नापर्यंत माहेरीच. नानांना भाकरी थापता येत नव्हती. चार दिवस दुकान बंद ठेवायचे ठरले.

कुलूप म्हणजे चोराला आवतण, हे नानांचे ठाम मत. बाहेर कुलूप दिसले की आत कोणी नाही, हे शेंबड्या पोरालाही कळते. म्हणून त्यांनी पुढल्या दाराला आतून अडसर घातला, मागल्या दाराने बाहेर पडून त्याला कुलूप लावले आणि ते दिसू नये म्हणून वर बाभळीच्या फांद्या रचल्या. ओट्यावर धोतर वाळत घातले. उंबऱ्याशी आपल्या वहाणा काढून ठेवल्या. नानांकडे वहाणांचा एकच जोड आहे हे गावाला ठाऊक होते, तेव्हा नाना आत असल्याचा याहून सज्जड पुरावा नव्हता. स्वतः लग्नातले बूट चढवून ते पहिल्या एस.टी.ने गेले. आपल्या अकलेवर ते इतके खूश होते, की तिकीट काढतानाही कुरकुरले नाहीत.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सासऱ्यांच्या पडवीत नाना खांबाला टेकून चिवडा खात होते. तेवढ्यात कामथडीचा शेजारी जगन टोपी हातात धरून अंगणात आला आणि थेट धोंडाबाईंपुढे उभा राहिला.

"वयनी, मन घट्ट करा. नाना गेलं."

"कुठं?" धोंडाबाईंनी विचारले.

"म्हंजी वारलं. दार आतून बंद, वहाणा भाईर, धोतर दांडीवर. हाका मारून मारून घसा बसला आमचा. अंबूबाई म्हनती, वास बी येतुया."

"कशाचा वास?" खांबाआडून नाना म्हणाले.

जगन मटकन खाली बसला.

"बटाट्याचा असंल," धोंडाबाई म्हणाल्या. "म्या कवाधरनं सांगतीया, टाका म्हनून."

जगनला पाणी द्यायचे सोडून नानांनी विचारले, "दार फोडलं का?"

"म्या निघालो तवा न्हाई. गेनबा पाटील पंच गोळा करत हुते. पोलीस पाटील हायेत, त्यास्नी आतल्या समद्याचा पंचनामा करावा लागतुया म्हनं."

नानांनी चिवडा खाली ठेवला. आतल्या खोलीत सरकीच्या पोत्यांमागे साखरेची नऊ पोती होती आणि रॉकेलचे बारा डबे. आपण मेलो ही अफवा त्यांनी शांतपणे ऐकली होती. पंचनामा मात्र सोसवेना.

एस.टी. दुपारनंतर होती. नाना पायीच निघाले. बुटांनी टाचा सोलल्या, वाटेत एका टेम्पोवाल्याला दया आली, आणि ते कामथडीत उतरले तेव्हा दार चौकटीसकट ओट्यावर आडवे पडले होते. कुणीतरी तिरडीसाठी बांबूही तोडून आणले होते. कोणी रडत मात्र नव्हते, हे नानांच्या नजरेतून सुटले नाही.

"या नाना," गेनबा पाटील कागदावरून मान वर न करता म्हणाले. "आत मुडदा काय गावला न्हाई. साखर गावली. तुमची का?"

नानांनी मनात हिशेब मांडला. हो म्हणावे तर साठेबाज म्हणून भोरच्या कोठडीची वाट. नाही म्हणावे तर नऊ पोती आणि बारा डबे.

"नानांची कशी असंल?" अंबूबाई मधेच म्हणाली. तीच म्हातारी दिवाळीआधी तीनदा रिकाम्या हाताने परत गेली होती. "वसुबारसेला पोरांची आन घिऊन सांगितलं मला, घरात चिमूटभर न्हाई म्हनून. देवमानूस. खोटं बोलायचा न्हाई."

सगळा गाव नानांकडे बघू लागला. मेल्यावरही एवढी गर्दी जमली नसती.

"माझी न्हाई," नाना म्हणाले.

"मग बेवारस," पाटलांनी लिहून घेतले. "कंट्रोलच्या सरकारी भावानं रेशनकार्डागणिक वाटा. पैसं पंचायतीत."

पण वाटायला तागडी धरणारा हवा, आणि ती कला गावात एकालाच अवगत होती. नाना आपल्याच दुकानात आपल्या गादीवर बसले आणि आपली नसलेली साखर जोखू लागले. रांगेत पहिली अंबूबाई. तिने पदर पसरला, पारड्याकडे नीट निरखून पाहिले.

"नाना, वजनाच्या पारड्याखालचं बोट काढा. तुमची न्हाई ना साखर?"

नानांनी बोट काढले.