अकरा निळे शर्ट

आमचा सिनेमा अधूनमधून टीव्हीवर लागतो. तुरुंगातले कैदी फुटबॉलची टीम काढतात आणि वॉर्डरांना हरवतात, अशी साधी गोष्ट. ओळखीचे लोक शेवटच्या गोलबद्दल बोलतात, हिरोच्या रडण्याबद्दल बोलतात. मी दर वेळी फक्त शर्ट बघते. त्या सिनेमाचे कपडे माझ्याकडे होते, आणि स्वतःच्या जबाबदारीवर घेतलेलं ते माझं पहिलंच काम होतं. त्याआधी पंधरा वर्षं मी दुसऱ्यांच्या हाताखाली टाके घालण्यात आणि इस्त्र्या फिरवण्यात घालवली होती.

तुरुंग उभा केला होता आमच्या शहराच्या टोकाला, मेटगळ्ळीत, एका बंद कारखान्याच्या आवारात. भिंती प्लायवूडच्या. वारा सुटला की अख्खा तुरुंग डुलायचा आणि दिग्दर्शक ओरडायचा, "भिंत धरा रे!" मग सगळे कैदी इमानेइतबारे भिंत धरून उभे राहायचे. टीममधले बहुतेक जण आसपासच्या वर्कशॉपमधले, कारखान्यांच्या सामन्यांत खरोखर खेळलेले. गोलकीपर जवळच्या वरुणा गावचा, सकाळी डेअरीला दूध घालून मोटारसायकलवर यायचा आणि पहिल्याच शॉटला अशी उडी मारायचा की माझ्या काळजात धस्स व्हायचं. त्याच्या नव्हे, शर्टाच्या काळजीने. हिरोला मात्र बॉल मारताच येत नव्हता. त्याच्या पायांच्या जागी एका वेल्डरचे पाय वापरले. ते इतके केसाळ की शेवटी बिचाऱ्या हिरोलाच पायांवर केस चिकटवून घ्यावे लागले. जेलर होते एक निवृत्त मास्तर. 'कट' म्हटल्यावरही ते सगळ्यांना रांगेतच जेवायला पाठवायचे.

गोष्टीत कैदी आपले पांढरे शर्ट स्वतःच निळे रंगवतात. म्हणजे रंग कसा हवा? कधीच रंगाला हात न लावलेल्या माणसाने दिलेला. कुठे गडद, कुठे फिका, कुठे पांढरं तसंच राहिलेलं. मी बंगळुरूला सांगून ते तसे करून आणले, काचकागदाने घासले, चहाच्या पाण्यात बुडवले, लाल मातीत लोळवले. घरात रंगारी असताना बाहेर का गेले, असं कोणी विचारलं असतं तर मी मान खाली घातली असती. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, "रंग वाईट द्या" हे सांगायची माझी हिंमतच नव्हती.

आमचं घराणं रंगाऱ्यांचं. अप्पांनी साठीपर्यंत भट्टी चालवली, मग बंद केली. मला त्यांनी रंगाच्या टोपाजवळ कधी उभं केलं नाही. हात निळे झाले तर मुलगी कोण पत्करणार, असं म्हणायचे. खरं कारण वेगळं होतं. या धंद्यात आता काही उरलं नाही, हे त्यांना कळून चुकलं होतं. दिलेल्या रंगात एक डाग दिसला तर ते पूर्ण थान पुन्हा टोपात घालायचे. आणि सगळं मनासारखं उतरलं की कापड उन्हाकडे धरून कन्नडमध्ये एकच शब्द म्हणायचे, "परवागिल्ला." म्हणजे चालेल, वाईट नाही. याहून मोठी शाबासकी त्यांच्याकडे नव्हती.

शेवटच्या सामन्याचा पहिला अर्धा भाग शुक्रवारी आणि शनिवारी चित्रित झाला. उरलेला सोमवारी. तोवर शर्ट जसेच्या तसे राहायला हवेत, एकेका डागासकट. कारखान्याच्या शेडमध्ये उंदरांनी मोजे कुरतडले होते, म्हणून मी अकराही शर्ट पिशव्यांत भरून स्कूटरवर कुवेंपुनगरला घरी आणले. घरात आम्ही दोघंच, मी आणि अप्पा. मला वाटलं, घरापेक्षा सुरक्षित जागा कोणती?

रविवारी सकाळी मी सेटवर गेले आणि अकराच्या सुमारास परतले. गच्चीवर दोरीला अकरा शर्ट सावलीत वाळत होते. गडद, एकसारखे, निळेशार. एक डाग नाही. शेजारी अप्पा स्टुलावर बसले होते, चेहऱ्यावर समाधान मावत नव्हतं.

"अय्यो, असलं घालून माणसं सिनेमात उभी राहणार? आपल्या घरातून गेलेलं म्हणून लोक काय म्हणतील?" ते म्हणाले. "मी धुतलो, परत रंग दिलो. नोड, बघ कसं झालंय!"

खरं सांगते, मला आधी रडू आलं आणि मग राग. मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा ओरडले. पाठीवरचे नंबर ऑइलपेंटचे होते म्हणून वाचले, बाकी सगळं गेलं होतं. दिग्दर्शकाला फोन केला. तो वयाने माझ्यापेक्षा लहान, मला अक्का म्हणायचा आणि चिडला की मॅडम. तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, उद्या दहाला शर्ट जुळले पाहिजेत. नाही जुळले तर दोन दिवसांचं काम परत करावं लागेल, आणि कपड्यांसाठी मला बंगळुरूहून दुसरं कोणी बोलवावं लागेल."

फोनवरचं बोलणं अप्पांनी ऐकलं होतं. चेहरा उतरला त्यांचा. त्यांनी उठून ब्लिचिंग पावडरीचा डबा आणला. "स्वल्प थांब. बिघडवायला काय लागतंय? मी करतो."

त्यांनी एक शर्ट बादलीत टाकला. आणि त्यांचा हात चालू झाला. कापड उलटवायचं, दाबायचं, पसरायचं, पुन्हा उलटवायचं. मी म्हणत होते, "अप्पा, हलवू नका!" ते म्हणत होते, "मी कुठं हलवतोय?" आणि हात हलतच होता. शर्ट बाहेर आला. फिका झाला होता, पण इतका एकसारखा फिका की दुकानात टांगला असता. दुसरा शर्टही तसाच. तिसऱ्या वेळी त्यांनी डावा हात वापरून बघितला. तोही तसलाच निघाला.

"होत नाही ग," ते म्हणाले. "हात ऐकत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तू कर. तुला काही येत नाही."

बोलणं लागलं, पण खरंच होतं. मी शर्टाचा बोळा करून बादलीत कोंबला. अर्धा वर तरंगत राहिला. बाहेर काढला तर काय, कैद्यांनीच रंगवल्यासारखा! आमच्या घराण्यात इतकं वाईट काम कोणी केलं नसेल.

मग आम्ही कामाला लागलो. शूटिंगच्या वेळी मी प्रत्येक शर्टाचे फोनवर काढून ठेवलेले फोटो अप्पा डोळ्यांजवळ धरून बघायचे आणि डाग कसा पडला ते सांगायचे. "हितं कापड दुमडलेलं, दुमडूनच टाक. हितं पिळताना पीळ सोडला नाही, तसंच ठेव." त्यांनी एकसारखे फिके केलेले तीन शर्ट मी रंगाच्या टोपात कोरडेच फेकले, नीट न विरघळलेल्या रंगात. ठिपके उठले. अप्पांनी तेवढ्यापुरते डोळे मिटून घेतले. आयुष्यभर ज्या चुका ते टाळत आले, त्या एकेक करून माझ्याकडून करवून घेत होते, आणि हळूहळू त्यांना मजा यायला लागली. गोलकीपरच्या खांद्यावरचा हिरवा डाग काही जमेना, तर अप्पांनी स्वतः कुंडीतलं गवत ओरबाडून त्यावर चोळलं. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

चारपर्यंत अकराही शर्ट उन्हात होते. सेटवरून आणलेली लाल माती मी त्यांवर चोळत होते आणि अप्पा स्टुलावर बसून माझे निळे झालेले हात बघत होते.

"तुला काहीच शिकवलो नाही मी," ते म्हणाले. मी माती चोळत राहिले.

सोमवारी दिग्दर्शकाने फोटो आणि शर्ट शेजारी धरून बघितले. एकाचे नव्हे, प्रत्येकाचे. गोलकीपरने शर्ट अंगात घालून हुंगला आणि दवाखान्याचा वास येतो म्हणाला. दिग्दर्शक वळला आणि म्हणाला, "अक्का, चहा घेतलात का?" मला त्या एका शब्दाने उभ्या उभ्या हलकं वाटलं.

शूटिंग संपल्यावर अप्पांनी विचारलं, "पांढरा एखादा शर्ट उरलाय काय?" एक जास्तीचा होता. त्यांनी गच्चीवर निळ्या रंगाचा टोप मांडला, मला पुढे केलं आणि स्वतः हात पाठीमागे बांधून उभे राहिले. आधी ओला कर. रंग गाळून घे. मीठ आता. हलव, थांबू नको, थांबलीस की डाग पडतो. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मी शाळेतल्या पोरीसारखी बोलणी खात होते आणि मला फार बरं वाटत होतं. शर्ट वाळल्यावर त्यांनी कॉलरची आतली बाजू बघितली, काखा बघितल्या, शिवणी उलगडून बघितल्या. मग घडी घालून कपाटात ठेवून दिला.

सिनेमा लागला त्या दिवशी अप्पा तोच शर्ट घालून आले. पडद्यावर माझे अकरा डागाळलेले शर्ट धावत होते. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा शेजारच्या खुर्चीतल्या माणसाने कौतुकाने त्यांना विचारलं, "हा त्यांच्यातलाच काय?"

"छे," अप्पा म्हणाले. "ते बिघडवलेलं. हे रंगवलेलं." आणि बाही दिव्याकडे धरून एकदा बघितली. "दोन्ही माझ्या पोरीनं. परवागिल्ला."