मिळमिळीत सोडा

बुडबुडेकाकांचा सोड्याचा कारखाना म्हणजे घराची पुढची खोली. गॅसचा सिलिंडर, बाटल्या भरायचं यंत्र आणि क्रेट्समधून जेमतेम वाट. रोजची पहिली बाटली ते स्वतः चाखत. जीभ झणझणली तरच माल बाहेर. या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा, आणि हे ते कुणाला विसरू देत नसत.

डोळ्यांतला दाब वाढला तेव्हा डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. "कडेची नजर गेली ती गेलीच, उरलेली सांभाळा," म्हणाले. आणि त्याच आठवड्यात सोडा मिळमिळीत लागायला लागला. काकांनी सिलिंडरवाल्याला फैलावर घेतलं, वॉशर बदलले, गॅस आणखी वाढवला. तरी नुसतं पाणी! शेवटी त्यांनी काकूंपुढे बाटली धरली.

"घे, तूच सांग."

काकूंनी घोट घेतला आणि सोडा थेट नाकातून बाहेर आला. "अहो, जीव घेता का माझा?"

तेव्हा कुठे काकांचा संशय गोळीवर गेला. "उद्यापासून गोळी बंद. जीभ गेली तर धंदा बसलाच म्हणून समजा."

त्यांची सून शाळेत रसायनशास्त्र शिकवायची. गोळ्यांचं पाकीट वाचून ती हसायलाच लागली.

"बाबा, आधी सिलिंडरवाल्याची माफी मागा. आपल्या अंगात एक विकर असतं, म्हणजे एन्झाइम, रेणू जोडणाऱ्या-तोडणाऱ्या लायेज गटातलं. ते तुमचा गॅस आणि पाणी जोडून आम्ल करतं, पापणी लवायच्या आत. जिभेवर ते आम्ल झालं की सोडा झणझणतो."

"मग डोळ्यांचा काय संबंध?"

"तेच विकर डोळ्यातही आहे. त्याच्यामुळे आत पाणी पाझरतं. तुमच्या डोळ्यातून त्याचा निचरा होत नाही, म्हणून दाब वाढतो. गोळी त्या विकराला गप्प बसवते. डोळ्यातही आणि जिभेवरही."

जन्मभर आपणच सोडा बनवतो असं मानणाऱ्या माणसाला, अर्धा सोडा गिऱ्हाइकाच्या जिभेवर बनतो हे पचायला वेळ लागला.

"मग चाखायचा कुणी?" काकांनी विचारलं. सुनेने काकूंकडे बोट दाखवलं.

पुढच्या तपासणीत दाब उतरलेला निघाला. काकांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला.

आता पहिला घोट काकूंचा. काका समोर स्टुलावर बसून त्यांचा चेहरा बघतात. काकूंचं नाक पुरतं आक्रसलं की माल बाहेर. उरलेली बाटली काका संपवतात, आणि मिळमिळीत लागली की मनातल्या मनात हात जोडतात.

कधीकधी मुद्दाम म्हणतात, "नीट कळलं नाही. अजून एक घोट घे."

"दिसत नाही का तुम्हाला?" काकू वैतागतात.

"दिसतं गं," काका म्हणतात. "म्हणून तर."