मागच्या सीटवरचा गणवेश
नव्या गणवेशाच्या कापडाचा तो खळीचा वास आला की आजही मला बाबांची गाडी आठवते. आईबाबा वेगळे झाल्यावर कोर्टाने बाबांना रविवार दिला होता. संध्याकाळी पाचला त्यांनी मला पनवेलच्या एसटी स्टँडवर आईकडे सोपवायचं. त्या रविवारी ते म्हणाले, "चल, कर्नाळ्याला पक्षी बगू." पण अभयारण्याचं फाटक मागे पडलं तरी गाडी थांबली नाही. मागच्या सीटवर माझ्या शेजारी एक पिशवी होती. उघडली तर आत गणवेश, अगदी माझ्या मापाचा, पण माझ्या शाळेच्या रंगाचा नव्हता. "बाबा, हा कुणाचा?" "तुजाच हाय," ते मागे न बघता म्हणाले, "आता माज्याकडं, गावालाच शिकायचं." शेजारून कंटेनरचे ट्रेलर धडधडत जात होते. "मग आई स्टँडवर तशीच उभी राहील ना?" मी विचारलं. पुढे एका ढाब्यापाशी त्यांनी गाडी परत पनवेलकडे वळवली. स्टँडवर आईने विचारलं, "दिसले का पक्षी?" मी हो म्हटलं. आता दर रविवारी माझी मुलगी तिच्या वडिलांकडून परत येते, तेव्हा जेवलीस का, हे मी नंतर विचारते, आधी विचारते, "गाडीत मागच्या सीटवर काय होतं गं?"