शुक्रवारचा डेमो

विमल लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या ज्या गल्लीत आली, तिथं कुणी हळू बोलत नसे. घराच्या मागच्या भिंतीला लागूनच पावरलूमचा कारखाना होता. सकाळी माग सुरू झाले की मांडणीवरची भांडी थरथरायची. पहिले काही महिने विमलचं डोकं उठायचं. मग तीही गल्लीसारखी झाली. समोर उभं राहायचं, तोंडाकडे बघायचं, घसा ताणून बोलायचं आणि त्यानंही भागलं नाही तर हातवारे करायचे. माहेरी खंडव्याला गेली की आई म्हणायची, "अगं, मी इथंच बसलेय. ओरडतेस कशाला?"

नवरा प्रभाकर तहसील कचेरीत बाबू होता. माणूस शांत, पण लोक काय म्हणतील याचा धाक मोठा. त्यांची एकुलती एक मुलगी रेवा. बुऱ्हाणपूर जिल्हा झाला त्या वर्षी ती सहाव्या वर्षात होती. दिसायला गोड, पण घरीदारी सगळे तिला हट्टी म्हणायचे. हाक मारली तर वळायची नाही. पाणी आण म्हटलं तर खेळत बसायची. दुसऱ्यांदा सांगितलं, तिसऱ्यांदा सांगितलं, की विमलचा हात उठायचा. पाठीत धपाटा बसला की रेवा दचकून वळायची आणि मोठ्या डोळ्यांनी आईच्या तोंडाकडे बघत राहायची. ते बघणंही विमलला उर्मट वाटायचं.

त्या दिवसांत शहरात इंग्रजी शाळा एकामागून एक निघत होत्या. कचेरीतल्या सगळ्यांची मुलं तिकडे निघाली होती. प्रभाकरनंही रेवाला एका शाळेत मुलाखतीला नेलं. टेबलापलीकडच्या मॅडमनी नाव विचारलं, रेवानं नीट सांगितलं. वडिलांचं नाव विचारलं, तेही सांगितलं. मग मॅडम समोरच्या कागदात बघत बघत म्हणाल्या, "बेटा, कौनसा फल अच्छा लगता है?"

"विमल," रेवा म्हणाली.

बाजूला बसलेल्या बाई फस्सकन हसल्या. मॅडमनी आणखी दोन-तीन प्रश्न विचारले. रेवा गप्प. "बच्ची का ध्यान ही नहीं है," मॅडम म्हणाल्या. "एक साल घर में तैयारी कराइए, फिर देखेंगे."

बाहेर आल्यावर रिक्षा थांबतात तिथं, चारचौघांत, विमलनं तिच्या थोबाडीत मारली. घरात मारणं वेगळं आणि रस्त्यात वेगळं. रेवा रडली नाही, नुसती गाल धरून उभी राहिली. प्रभाकर दुसरीकडे बघत होता.

ही गोष्ट मालतीच्या कानावर गेली. मालती विमलची मावसबहीण, बुऱ्हाणपुरातच लालबागेत राहायची. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यापासून तिनं एका कंपनीचं काम धरलं होतं. मुलांसाठी चित्रांची कार्डं, तक्ते, कॅसेटी, गोष्टींची पुस्तकं, सगळं एका रंगीत खोक्यात भरलेलं. ते दुकानात मिळायचं नाही. कुणाच्या तरी घरी बायका जमवायच्या, मुलांना समोर बसवायचं आणि खेळ खेळून दाखवायचा. कंपनीवाले त्याला होम डेमो म्हणायचे.

"विमे, तुझ्या घरी एक डेमो ठेव," मालती म्हणाली. "ज्याच्या घरी डेमो, त्याला एक सेट फ्री. रेवाला लाव ना हे. सहा महिन्यांत पोरगी फाडफाड बोलते की नाही बघ. बायका तेवढ्या तू जमव. मला या महिन्यात डेमो कमी पडून राहिले गं."

विमलला मुलाखतीतलं ते हसू अजून टोचत होतं. ती हो म्हणाली. दिवस ठरवला शुक्रवारचा, कारण शुक्रवारी माग बंद असायचे. कॅसेट ऐकू यायची तर शांतता हवीच होती.

शुक्रवारी दुपारी विमलनं बैठकीतली खाट बाहेर काढली, सतरंजी घातली, मावा जिलेबी मागवून ठेवली. शेजारची मनकर्णा तिच्या दोन्ही मुलांना घेऊन आली. तिचं माहेर निंबोल्याचं, केळीच्या बागायतदारांचं, आणि नवी वस्तू आपल्याकडे आधी यावी अशी तिची हौस. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या गोदाबाई नातवाला घेऊन आल्या. प्रभाकरच्या कचेरीतल्या लोकांच्या बायका आल्या. बैठक गच्च भरली. मालतीनं खोकं उघडलं तशी मुलं पुढं सरकली.

पहिला खेळ सोपा होता. मालती एकेका चित्राचं नाव घ्यायची आणि समोर पसरलेल्या कार्डांतून मुलांनी ते उचलायचं. हत्ती, बस, छत्री, घड्याळ. सगळ्यांच्या आधी हात जायचा रेवाचा. मनकर्णाची मुलं शोधत असायची तोवर रेवाचं कार्ड वर.

"पाहा, ही विमलची मुलगी!" मालती बायकांना म्हणाली. "किती चटकन पकडते!"

विमलचा ऊर भरून आला. शाळेच्या मॅडमना इथं आणून बसवावं असं तिला वाटलं.

"आता जरा कठीण," मालती म्हणाली. "आता फक्त कानांनी ऐकायचं हं." आणि एक मोठं कार्ड तोंडासमोर धरून तिनं हळूच म्हटलं, "कासव."

मनकर्णाच्या धाकट्यानं कासव उचललं. रेवाचा हात हवेतच थांबला होता. ती मालतीच्या तोंडासमोरच्या कार्डाकडे बघत होती, मग मुलांच्या हातांकडे. पुढच्या वेळी मनकर्णाच्या मुलाचा हात जिकडे गेला तिकडे तिचाही गेला, पण जरासा मागून. त्याच्या पुढच्या वेळी तो चुकला, तर तीही तेच चुकली.

जिलेबीचं ताट घेऊन विमल दारात उभी होती. ती तिथंच थांबली.

मालतीनं कॅसेट लावली. त्यात प्राण्यांचे आवाज होते. मुलं टेपवर वाकली. रेवाही वाकली, पण ती आत फिरणाऱ्या चाकांकडे बघत होती. गाढव ओरडलं तशी सगळी मुलं खो खो हसली. रेवानं त्यांच्या तोंडांकडे पाहिलं आणि मग ती हसली. त्यांचं हसणं ओसरत आलं होतं तेव्हा.

विमल ताट घेऊन मुलांच्या मागच्या बाजूला गेली. टेप थांबली होती. "रेवा," तिनं हाक मारली. मोठ्यानं नाही, माहेरी आई बोलते तशी. रेवा वळली नाही. "रेवा." मनकर्णानं वर पाहिलं. "रेवा!" आता सगळ्या बायकांनी माना वळवल्या, मुलांनी वळवल्या, गोदाबाईंच्या नातवानंही वळवली. रेवा एकटीच टेपच्या काचेवर बोट फिरवत बसली होती. सगळे मागं बघताहेत हे दिसलं तेव्हा तीही वळली, आणि आईला पाहून लगेच तिनं पाठ आकसून घेतली. धपाट्याची तयारी.

"अव माय, किती जिद्दी हाय पोरगी," गोदाबाई म्हणाल्या.

"सर्दी झालीये तिला," विमल म्हणाली. का म्हणाली, तिला कळलं नाही. ताटातली जिलेबी तिनं वाटायला घेतली. पाक ताटाच्या कडेनं सांडत होता. "घ्या ना, अजून घ्या," असं ती म्हणत राहिली.

मालती तोवर बोलू लागली होती. "बघा, हेच तर! आजकालच्या मुलांचं लक्षच राहत नाही. रोज पंधरा मिनिटं ही कॅसेट लावली, की एकाग्रता वाढते." बायकांना पटलं. मनकर्णानं सगळ्यात मोठं खोकं सांगून ठेवलं, कचेरीतल्या बायकांनी लहान. डेमो छान झाला असं म्हणत सगळ्या गेल्या.

मालती कार्डं गोळा करत होती. चेहऱ्यावर समाधान होतं. विमल सतरंजीवर बसली आणि म्हणाली, "मालती, तिला ऐकू येत नाही."

मालतीचे हात थांबले. "मला वाटलं होतं," ती म्हणाली.

"कधी?"

"तोंडासमोर कार्ड धरलं तेव्हाच. मी इतक्या मुलांसोबत हा खेळ खेळते विमे, कळतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कशी बोलू? एवढ्या बायका बसल्या होत्या. डेमो उठला असता." मालतीनं मान खाली घातली. "मी सांगणार होते तुला. नंतर."

"आणि त्यांना सांगितलंस की कॅसेट लावली की लक्ष लागेल. माझ्या पोरीकडे बोट दाखवून."

मालती उरलेली कार्डं खोक्यात भरू लागली. फ्री सेट तिनं कोपऱ्यात ठेवला. विमलनं तो उचलून तिच्या पिशवीत परत घातला आणि दार उघडून उभी राहिली.

संध्याकाळी प्रभाकर आल्याआल्या तिनं त्याला सांगितलं. तो चिडला. "काहीतरीच काय! इतकी बोलते ती, बहिरी पोरं बोलतात का?" त्यानं स्वयंपाकघरातली थाळी आणून रेवाच्या मागं दाणकन फरशीवर आपटली. रेवा दचकून वळली. "बघ! ऐकते की!"

"आता तोंड झाकून, साधं बोला," विमल म्हणाली.

त्यानं वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. "रेवा, जत्रेला जायचं का?" रेवा त्याच्यासमोर बसून बाहुलीचे केस विंचरत होती. "रेवा, तुला नवीन फ्रॉक आणू?" ती विंचरतच होती. प्रभाकरनं वर्तमानपत्र खाली घेतलं तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. पण बोलला तो एवढंच, "कुणाला सांगू नकोस. मुलीची जात आहे."

मग तो रोज उद्यावर ढकलत राहिला. उद्या बघू, साहेब सुट्टी देत नाहीत, सणवार होऊन जाऊ दे. विमल तेवढ्या दिवसांत जुनं आठवत राहिली. दोन वर्षांपूर्वी रेवाला गोवर झाला होता. ताप उतरता उतरत नव्हता, इंजेक्शनं झाली होती. त्याआधी ही पोरगी हाकेसरशी पळत यायची. हट्टी झाली ती त्या तापानंतर. घरातल्या कुणाला हे एकदाही सुचू नये! आता रेवा काही चुकली की विमलचा हात वर जायचा आणि अर्ध्यात थांबायचा. त्या थांबलेल्या हाताकडेही रेवा घाबरूनच बघायची.

शेवटी प्रभाकरला न सांगता विमलनं तिला डॉक्टरकडे नेलं. त्यांनी इंदूरला पाठवलं. तेव्हा मात्र प्रभाकर सोबत आला. तिथं काचेच्या खोलीत बसवून तपासणी झाली. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही कान बरेच गेले आहेत. तापानं की इंजेक्शनांनी, हे आता सांगता येणार नाही. मोठे, जवळचे आवाज तिला कळतात, बाकी ती ओठांवरून ओळखते. मशीननं मदत होईल, पण पहिल्यासारखं होणार नाही. "इतक्या उशिरा कसं लक्षात आलं?" त्यांनी विचारलं.

"आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलतात," विमल म्हणाली आणि तिला रडू फुटलं.

कानामागं मशीन लावून रेवा घरी आली, त्या दिवशी माग चालू होते. ती दारातच थबकली. मागच्या भिंतीशी गेली, हात लावला, आणि किंचाळत विमलच्या पदरात शिरली. "आई, भिंत ओरडते!" कित्येक दिवस ती मशीन काढून उशीखाली लपवायची. समजावून, कधी रडून, कधी खाऊ देऊन विमल ते पुन्हा लावायची. मारणं मात्र बंद झालं. एकदा विमलनं तिला मांडीवर घेऊन, तोंड समोर ठेवून सांगितलं, "मी तुला उगाच मारलं रेवा. तुझी चूक नव्हती." रेवानं तिच्या ओठांकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "मग कुणाची होती?"

इंग्रजी शाळेनं तिला घेतलं नाही. नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत ती पहिल्या बाकावर बसू लागली. बाई कधी तिच्याकडे तोंड करून शिकवायच्या, कधी विसरून फळ्याकडे बघत बोलत राहायच्या. विमल रोज त्या दिवसाचा धडा घरी पुन्हा घ्यायची. मालती मध्ये एकदा येऊन गेली. "माझ्यावर राग आहे ना अजून?" असं दारातच म्हणाली. विमलनं तिला बसवलं, चहा दिला, मुलाबाळांची चौकशी केली. मालती पुन्हा आली नाही.

प्रभाकरचा धाक काही गेला नाही. लग्नाकार्याला निघताना तो म्हणायचा, "तिचे केस मोकळे सोड." म्हणजे कानावर केस यावेत, मशीन दिसू नये. विमल सोडायची. भांडण नको म्हणून सोडायची आणि दिवसभर स्वतःवर चिडत राहायची.

रेवा दहाची झाली त्या वर्षी फोपनारला प्रभाकरच्या चुलतभावाचं लग्न होतं. सगळा गोतावळा जमला होता. मांडवात जायच्या आधी रेवा आरशासमोर बसली आणि केस गच्च मागं ओढून तिनं स्वतःच दोन वेण्या घातल्या. दोन्ही कान उघडे पडले.

"केस सोड," प्रभाकर तिच्यासमोर येऊन म्हणाला.

"गरम होतं," रेवा म्हणाली. "आणि केस घासतात मशीनला. खरखर होते. मग मंगलाष्टक ऐकू येत नाही."

प्रभाकरनं विमलकडे पाहिलं. विमलनं या वेळी कंगवा हातात घेतला नाही. प्रभाकर बाहेर निघून गेला.

मांडवात बायका बघत होत्या. एकीनं विमललाच विचारलं, "काय लावलंय गं पोरीच्या कानाला?" विमल म्हणाली, "मशीन आहे. तिला कमी ऐकू येतं." हे ती पहिल्यांदाच लोकांत बोलत होती. त्या बाईनं "अरेरे" म्हटलं, आणखी दोघींना सांगितलं, आणि मग अक्षता वाटायला आल्या तशा त्या तिघी तिकडे वळल्या.

पुरुषांच्या बाजूला प्रभाकर कुठं दिसत नव्हता. पंगत बसेपर्यंत दिसला नाही. मग एकदाचा आला. लांबच्या पाटावर बसू शकला असता, पण येऊन रेवाच्या समोरच्या पाटावर बसला, तिला त्याचं तोंड दिसेल असा. रेवानं दोनदा वर पाहिलं आणि जेवू लागली.