बंद खिडक्यांचं पॉलिश

ओलं पॉलिश आणि धूळ यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. म्हणून पॉलिशकाका कामाला बसण्याआधी सगळ्या खिडक्या लावून घ्यायचे, फटींत चिंध्या कोंबायचे आणि माशीलासुद्धा हाकलून द्यायचे. "वारा आत आला की काम गेलं!" त्यांनी चमकवलेल्या टेबलात बघून गिऱ्हाइकं भांग पाडायची.

मग एकदा बिनखिडकीच्या गोदामात कपाटं चमकवताना काका आडवे झाले. शुद्धीवर आले ते नवं दुखणं घेऊनच. आधी पॉलिशमधल्या थिनरच्या वासानं छाती आवळायची. मग फिनेलनं. मग शेजारणीच्या अत्तरानं, नव्या पडद्यानं, मार्करच्या शाईनं. आता घरातल्या खिडक्या सताड उघड्या असायच्या, आणि कोणी दार वाजवलं की काका आधी हुंगायचे, मग "कोण?" विचारायचे.

"भाऊजी, पोलिसांत कुत्र्याच्या जागा निघाल्यात," मेहुणा म्हणायचा.

काकूला हसू फुटायचं. काकांना नाही. बाळंत झालेली लेक नातीला घेऊन येणार होती. पावडर, तेल, साबण, नवी कोरी दुपटी! "मला तिला मांडीवर घेता येईल ना गं?" ते काकूला पुन्हापुन्हा विचारायचे.

मेहुण्यानं सोक्षमोक्ष लावायचं ठरवलं. पॉलिशचा डबा घेऊन आला, ब्रश बुडवला आणि काकांसमोरच खुर्चीवर फिरवायला लागला. काकांचा श्वास अडकला, मानेवर गांधी उठल्या, ओठ पांढरेफटक.

"अहो भाऊजी, पाणी आहे! कोरा डबा, नळाचं पाणी!" मेहुणा टाळी वाजवून हसला. पण काकांची धाप थांबतच नव्हती. शेवटी दवाखाना गाठावा लागला.

डॉक्टरीणबाई प्रत्येक वाक्याला चष्मा वर सरकवायच्या. "नेमकं कारण अजून कुणालाच ठाऊक नाही. कोणी म्हणतं, पहिल्या दणक्यानं नसाच हळव्या होतात. कोणी म्हणतं, मेंदू धोका शिकतो आणि वास नसतानाही घंटा वाजवतो. दोन्हीही असेल."

"म्हणजे नाटकच की," मेहुणा पुटपुटला.

"मग तुम्ही मानेवर गांधी उठवून दाखवा बरं." चष्मा वर. "दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, त्यातलाच प्रकार."

"पण बाई," काका घोगऱ्या आवाजात म्हणाले, "माझं तोंड ताकानंही पोळतंय."

यावर चष्मा जागचा हलला नाही.

त्या दिवसापासून काकांची झोप उडाली. वास निदान दाराबाहेर ठेवता येत होता. स्वतःच्याच डोक्याच्या कुठल्या फटीत चिंधी कोंबायची?

लेक आली. उंबऱ्यातूनच म्हणाली, "बाबा, नुसत्या पाण्यानं न्हाऊ घातलंय. दुपटंसुद्धा तुमच्या जुन्या सदऱ्याचं शिवलंय."

काकांनी हात पुढे केले. काही हुंगण्याआधीच घसा आवळायला लागला. हात मागे गेले. "नको... थांब जरा..." घाम फुटला. "दे."

लेकीनं बाळ दिलं. आणि बाळ शिंकलं.

काका तिच्या तोंडाशी वाकले. "काय झालं हिला? कसला वास आहे? कोण काय लावून आलंय?" बाळाला छातीशी धरून ते खोलीभर हुंगत सुटले. "खिडकी! अरे, खिडकी उघडा कुणीतरी!"

"उघडीच आहे," काकू म्हणाली. "नाक आहे तिला, शिंकणारच. आणि अहो, तुम्ही ओरडताय कुठल्या घशानं?"

काकांनी चमकून गळा चाचपायला हात उचलू पाहिला, पण तो मोकळा नव्हता. मग ते तसेच उभे राहिले, त्या एवढ्याशा नाकाकडे टक लावून, दुसरी शिंक येते की काय म्हणून.